बीट-डाळिंबाने रक्त वाढत नाही. ताट बदलायला हवं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. बोटातून काढलेल्या थेंबावर केलेली ही मोजणी आहे, शिरेतलं रक्त तपासलं असतं तर आकडा खाली आला असता, असा आक्षेप जाणकार घेतात आणि तो रास्त आहे. पण तो मान्य करूनही जी संख्या उरते ती थोडीथोडकी नाही, आणि ती दुष्काळी तालुक्यांपुरती नाही. मॉल, मेट्रो आणि चोवीस तास किराणा घरपोच मिळणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या खोलीबाहेर बसलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या हातातल्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन नऊ किंवा दहा असतं.

यावर मिळणारा सल्ला ठरलेला आहे. बीट खा, डाळिंब खा, गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा. सोसायटीच्या आरोग्य शिबिरातल्या फलकावर बीट-डाळिंबाचीच चित्रं असतात. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण त्यातला हिशेब चुकतो आणि त्याची किंमत बाईला मोजावी लागते. महिनाभर इमानदारीने बीटाचा रस प्यायल्यावर रिपोर्ट तसाच आला की तिला वाटतं, दोष आपल्या अंगातच आहे.

हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम बीटात पाऊण मिलिग्रॅम लोह असतं आणि १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे दिवसाला २९ मिलिग्रॅम. एवढं लोह एकट्या बीटातून मिळवायचं तर पावणेचार किलो बीट लागेल, डाळिंबातून मिळवायचं तर नऊ किलो. लाल रंगावरून हा समज पसरला, त्याला दुसरा आधार नाही. गूळ थोडा बरा, १०० ग्रॅममध्ये साडेचार मिलिग्रॅम. पण १०० ग्रॅम गूळ रोज कोण खातं? वीस ग्रॅम गूळ आणि वीस ग्रॅम शेंगदाण्यांचा लाडू दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह देतो. लाडू जरूर खावा, पण त्याला औषध समजू नये.

घोळ वाढवण्यात जुन्या तक्त्यांचाही वाटा आहे. त्यांत पोह्यांचं लोह १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅम दिलं होतं, अळिवाचं १००. आजही आहाराच्या कित्येक याद्या तिथूनच उतरवलेल्या असतात. नव्या मोजणीत पोहे साडेचारवर आले आणि अळीव सतरावर. धान्य कुटताना, दळताना, वाळवताना चिकटलेली माती आणि लोखंडाचा कीस प्रयोगशाळेत लोह म्हणूनच मोजला जातो, पण आतडं त्यातलं फारसं शोषत नाही. अळीव तरीही चांगलेच आहेत. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम अळिवात पावणेदोन मिलिग्रॅम लोह असतं. ते दुधात भिजवण्यापेक्षा लिंबाच्या सरबतात भिजवावेत. का, ते पुढे येईलच.

मग लोह आहे कुठे? जे रोज पोटभर खाल्लं जातं तिथेच, म्हणजे धान्यात आणि कडधान्यात. बाजरीत १०० ग्रॅममागे ६.४ मिलिग्रॅम, गव्हाच्या पिठात ४, ज्वारीतही जवळपास तेवढंच. पांढऱ्या पॉलिश तांदळात फक्त ०.६५. कडधान्यांत कुळीथ पावणेनऊ, मटकी आठच्या जवळ, मसूर सात ते साडेसात, हरभरा पावणेसात. तुरीच्या डाळीत चारच्या आत. पालेभाज्यांत लाल माठ सातच्या पुढे, मेथी पावणेसहा, आणि जिचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ती पालक तीनच्याही आत. पांढरे तीळ १५, पण ते खाल्ले जातात चमच्याने. नाचणी साडेचारच्या पुढे असली तरी तिच्यात कॅल्शियम आणि तुरट द्रव्यं एवढी असतात की लोहासाठी तिच्यावर विसंबू नये. ती हाडांसाठी खावी.

आता घोडबंदर रोडवरच्या किंवा कोपरखैरण्यातल्या एखाद्या नोकरदार बाईचा साधा दिवस घेऊ. सकाळी चहा-चपाती. डब्यात दोन चपात्या आणि फ्लॉवर-बटाटा. संध्याकाळी चहा-बिस्किटं. रात्री वरण-भात आणि एखादी चपाती. शंभर-सव्वाशे ग्रॅम कणकेतून पाच, तीस ग्रॅम तूरडाळीतून एक-सव्वा, पाऊण वाटी तांदळातून अर्धा, भाजी आणि इतर मिळून दोन. बेरीज दहाच्या आतबाहेर. हे पोट भरलेल्या बाईचं गणित आहे, उपाशी बाईचं नव्हे.

तीच बाई एका वेळी बाजरीच्या दोन भाकरी खाईल, म्हणजे १२० ग्रॅम पीठ, तर तिला साडेसात मिलिग्रॅम मिळतात. साठ ग्रॅम कोरडी मटकी भिजवून केलेल्या उसळीतून पावणेपाच. शंभर ग्रॅम मेथी किंवा लाल माठातून सहा-सात. नाश्त्याच्या पोह्यांतून अडीच, तिळाच्या चटणीतून दोन, आमटीतून एक. बेरीज चोवीस-पंचवीस. यात एकही महाग वस्तू नाही, आयात केलेली नाही, गोळी किंवा पावडर नाही. बाजरी गरम पडते म्हणून ठाण्याकडे ती हिवाळ्यातच खाल्ली जाते, ते ठीक आहे. उरलेले आठ महिने ज्वारी चालेल, फक्त उसळ चुकवायची नाही.

इथवरचा हिशेब ताटातला झाला. शरीरातला वेगळा आहे, आणि खरी मेख तिथे आहे. धान्य-भाज्यांतल्या लोहापैकी आतडं शोषतं सरासरी आठ टक्के. २९ मिलिग्रॅम खाल्ले तर रक्तात जातात सव्वादोन-अडीच. मासिक पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त गेलं तर १५ ते २० मिलिग्रॅम लोह जातं. अंगावरून जास्त जात असेल, ८० मिलिलिटरच्या वर, तर चाळीसच्या पुढे. म्हणून हा आठचा आकडा चारवर येतो की बारावर जातो, त्यावर सगळं ठरतं. आणि तो वर जाणार की खाली, हे त्याच जेवणात सोबत काय आहे यावर ठरतं.

खाली आणणाऱ्यांत पहिला चहा. चहातली तुरट द्रव्यं पोटातच लोहाला धरून ठेवतात आणि ते लोह न शोषलं जाता बाहेर पडतं. चाचण्यांमध्ये पावाच्या जेवणासोबत घेतलेल्या एका कप काळ्या चहाने लोहाचं शोषण साठ टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसलं आहे. दूध घातलं तरी हा परिणाम जवळपास तसाच राहतो. ग्रीन टीही त्याला अपवाद नाही. कॉफी थोडी सौम्य, तरी चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपली चहा-चपाती, जिच्यावर ठाणे-नवी मुंबईतल्या घरकामगार, फेरीवाल्या, पहिल्या पाळीच्या कामगार स्त्रिया दुपारपर्यंत काढतात, लोहाच्या दृष्टीने दोन चपात्यांमधलं मोठं माप वाया घालवते.

चहा सोडा, असं सांगण्यात अर्थ नाही. सकाळी साडेपाचला उठून पाणी भरून डबे करणाऱ्या बाईला तो एक कप हवाच असतो आणि तिने तो प्यावा. पण कॉफीवरच्या चाचणीत एक गोष्ट स्पष्ट झाली: जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने शोषणावर काहीही परिणाम झाला नाही, मात्र तासाभराने घेतलेलीने जेवणासोबत घेतल्याइतकाच झाला. चहाच्या बाबतीत जेवणानंतर तासाचं अंतर ठेवल्यास नुकसान बरंच कमी होतं, पूर्ण थांबत नाही. म्हणून क्रम बदलायचा. उठल्यावर चहा, तासाने चपाती, आणि चपातीसोबत रात्रीची उसळ किंवा लसूण-तिळाची चटणी. लोकल पकडायच्या घाईत हे सगळ्यांना जमणार नाही, पण साडेपाच ते साडेसहा या तासात स्वयंपाक चालूच असतो. चहा त्याच्या सुरुवातीला आणि खाणं शेवटी, एवढीच अदलाबदल आहे.

दुसरा अडसर फायटेटचा. लोहाला बांधून ठेवणारं हे द्रव्य धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्याच्या दाण्यात असतं. म्हणून बाजरी-मटकीचा आकडा मोठा दिसला तरी त्यातलं बरंच अडकून राहतं, आणि म्हणूनच आपल्याकडे भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांना इतकं महत्त्व आहे. मटकी आठ-दहा तास भिजवावी आणि ते पाणी फेकून द्यावं. सत्त्व जाईल म्हणून ते आमटीत घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पाण्यात उतरलेलं फायटेटही त्यासोबत परत येतं. मग फडक्यात सैल बांधून बारा ते अठरा तास. एप्रिल-मेच्या घामट हवेत बारा तास पुरतात. त्याहून जास्त ठेवली की आंबूस वास येतो आणि मोड बुळबुळीत होतात. पावसाळ्यात फडकं दमट राहून बुरशी धरते, तेव्हा मध्ये एकदा धुवून पुन्हा निथळावी. मोड बोटभर लांब येण्याची वाट पाहायची गरज नाही, इवलासा कोंब पुरे. फोडणीला कांदा-लसूण सढळ घालावा. धान्य-कडधान्यांतलं लोह त्यांच्यामुळे जास्त सुटं होतं, असं म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या कामातून दिसलं आहे.

तिसरी बाजू मदतीची. क जीवनसत्त्व त्याच घासात असेल तर शोषण दुपटी-तिपटीने वाढू शकतं, फायटेट आणि चहाचा अडसरही सैल होतो. इथे लिंबाची फोड आठवते, पण मोजून पाहावं. मध्यम लिंबाच्या सगळ्या रसात क जीवनसत्त्व १० ते १५ मिलिग्रॅम असतं. ताटातल्या पाव फोडीत तीन-साडेतीन. तीन मिलिग्रॅम लोहाच्या जेवणाला निदान २० मिलिग्रॅम क लागतं, भाकरी-उसळीसारख्या कोंड्याच्या जेवणाला त्याच्या दुप्पट. म्हणजे फोडीने काम होत नाही, अख्खी दोन-तीन लिंबं हवीत. ते कोणी करणार नाही. पेरूत मात्र १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम असतं. लहान पेरूचा अर्धा तुकडा जेवणासोबत खाल्ला की काम झालं. एक कच्चा आवळा साठच्या पुढे. कोबीची कच्ची कोशिंबीर वाटीभर घेतली तर वीस. ढोबळी मिरचीचे चार काप कच्चे खाल्ले तर तीसच्या पुढे. हे सगळं कच्चं. क जीवनसत्त्व उकळण्यात मोडतं, म्हणून लिंबू पिळायचं ते भांडं खाली उतरवून, ताटात वाढल्यावर.

पेरू म्हटल्यावर ठाणे स्थानकाबाहेरची टोपली डोळ्यांसमोर येते. चार फाकी करून, मीठ-तिखट लावून हातात ठेवलेला पेरू, आणि शेजारी फुटाणेवाला. तीस ग्रॅम फुटाण्यांत दोन मिलिग्रॅम लोह, पेरूत ते शोषून घ्यायला लागणारं क कितीतरी जास्त. संध्याकाळी सहाला भुकेलेल्या बाईसाठी याहून चांगलं लोहाचं खाणं या शहरात मिळणार नाही, आणि ते वडापाव-चहापेक्षा महाग नाही. काळजी एवढीच, की फळ समोर धुवून कापलेलं असावं.

मासे खाणाऱ्यांकडे आणखी एक हुकमी पान आहे. मटण, कलेजी, मासळी यांतलं लोह वेगळ्या रूपात असतं आणि ते १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. शिवाय मांस-मासळी सोबत असली की भाजी-डाळीतलं लोहही जास्त घेतलं जातं. म्हणून चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळे गावात अंबाडीच्या भाजीत सुकट घालतात त्यात पोषणाचं मोठं शहाणपण आहे: पाल्याचं लोह, अंबाडीचा आंबटपणा, सुकटीची जोड. मूठभर सुकट तव्यावर भाजून, डोकी-पाय चोळून काढून, दोन-तीनदा धुवून वाळू गाळली की कुठल्याही भाजीत जाते. आगरी-कोळी ताटाची उणीव भाकरीत आहे. तांदळाची भाकरी मऊसूत असते, पण लोहाच्या बाबतीत रिकामी. तिच्याऐवजी निदान एका वेळी ज्वारी-बाजरी आणि सोबत वाल किंवा चवळी, एवढा बदल पुरेसा आहे.

बिडाच्या कढईबद्दलही सांगायला हवं, कारण तिची जाहिरात हल्ली जोरात आहे. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं, आणि इथिओपियात झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा भांड्यांत शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. पण ते उतरतं ओल्या, आंबट, वीस मिनिटं रटरटणाऱ्या पदार्थात: टोमॅटोची, चिंचेची, कोकमाची आमटी. कोरड्या भाकरीला तव्यातून काही मिळत नाही. वांगं किंवा केळफूल काळं पडतं ते लोह तुरट द्रव्यांना जखडल्यामुळे. तो काळा रंग फायद्याची खूण नव्हे. शिजलं की लगेच स्टीलच्या भांड्यात काढावं, नाहीतर धातूची चव येते आणि मुलं ताट बाजूला सारतात. मुलामा दिलेल्या रंगीत बिडाच्या भांड्यातून लोह उतरत नाही, किंमत मात्र तिप्पट असते.

हे सगळं घराघरांत पोचवलं तरी प्रश्न अर्धाच सुटेल, आणि आमचं मुख्य म्हणणं इथे आहे. या दोन शहरांत रोज लाखो ताटं घराबाहेर वाढली जातात: महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत, अंगणवाड्यांत, रुग्णालयांच्या वॉर्डांत, वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांत, ऐरोली-घणसोलीच्या कचेऱ्यांत. ही ताटं कशी असावीत हे कुणीतरी कागदावर ठरवतं. कॅलरी आणि प्रथिनं मोजून ठरवतं. लोह शोषलं जाईल का, हे त्या कागदावर कुठेच नसतं. मग आरोग्य विभाग वर्षातून एकदा शिबिर भरवतो आणि त्याच बाईला सांगतो, आहाराकडे लक्ष द्या. ज्याच्या हातात ताट आहे त्याने आधी लक्ष द्यावं.

शाळेचं ताट पाहू. पोषण आहाराच्या निकषांत सहावी ते आठवीच्या मुलीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी असते. पॉलिश तांदूळ आणि मटकी धरली तर लोह चार मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच वयात, पाळी सुरू होण्याच्या सुमारास, तिची गरज २८ ते ३० मिलिग्रॅम असते. पोषणयुक्त तांदूळ आला तर किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे ताटात आणखी चार ते सहा. ते चांगलंच आहे. मात्र घरी रेशनचा तांदूळ निवडताना कितीतरी बाया तो वेगळा दिसणारा दाणा प्लास्टिकचा समजून काढून टाकतात. तो तांदळाच्याच पिठाचा, लोह आणि जीवनसत्त्वं मिसळलेला दाणा आहे, शंभर दाण्यांत एक, हे रेशन दुकानावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. त्यातलं लोहही विरघळायला जड असलेल्या प्रकारातलं असतं, त्यामुळे सोबतीची गरज त्यालाही आहेच.

ती सोबत शाळेत कशी द्यायची? शहरी शाळांचं जेवण मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजून, बंद डब्यांतून, तास-दोन तासांनी पोचतं. गरम खिचडीत तिथेच लिंबू पिळून पाठवलं तर शाळेत पोचेपर्यंत बरंचसं क जीवनसत्त्व गेलेलं असतं. कच्ची कोशिंबीर इतका वेळ डब्यात ठेवणं सुरक्षित नाही, हा पुरवठादारांचा आक्षेप बरोबर आहे. पेरूला यातलं काही लागू होत नाही. अख्खं फळ पोत्यातून येतं, शाळेतल्या मदतनीस ताई ते धुतात, कापतात, अर्धा-अर्धा देतात. पेरू नसतील त्या महिन्यांत आवळा, उन्हाळ्यात कैरीचा कीस. वाशीचा घाऊक फळबाजार या शाळांपासून काही मैलांवर आहे. वाहतुकीची सबब टिकत नाही. आठवड्याला अंडं द्यायचं की केळं, यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला. अंड्यातलं प्रथिन मुलांना हवंच आहे, पण लोहासाठी दोन्हींवर भिस्त ठेवता येत नाही: अंड्यातलं लोह त्याच्याच बलकातलं प्रथिन धरून ठेवतं आणि केळ्यात क जीवनसत्त्व तुटपुंजं असतं.

कारखान्या-कचेऱ्यांत तर फळाचाही खर्च नाही, फक्त वेळापत्रक आहे. जेवणाच्या रांगेच्या तोंडाशीच चहा-कॉफीचं मशीन असतं आणि सव्वा वाजता ताट ठेवून तिथेच पेला भरला जातो. ते मशीन बारा ते दोन बंद ठेवावं आणि चहा साडेतीनला, आधीसारखाच, फुकट द्यावा. त्या वेळात लिंबाचं सरबत ठेवावं, थाळीत फ्लॉवर-बटाट्याऐवजी आठवड्यातून तीनदा मोडाची उसळ आणि रोज कोबीची कोशिंबीर. कामगारांच्या सवयीत ही ढवळाढवळ आहे असं म्हटलं जाईल. पण सव्वा वाजता मशीन चालू ठेवणं हाही कुणीतरी घेतलेला निर्णयच आहे. रुग्णालयात बाळंतिणीच्या ताटाबरोबर चहा फिरत असेल तर तो थांबवण्यासाठी कुठल्या समितीची वाट पाहायला नको, वॉर्डच्या प्रमुख सिस्टरांचा एक शब्द पुरतो.

अन्नाची मर्यादाही स्वच्छ सांगायला हवी. हिमोग्लोबिन एकदा घसरलं की नुसत्या खाण्याने ते भरून यायला फार काळ लागतो. तिथे गोळीच लागते. गरोदर स्त्रीला सरकारी कार्यक्रमात १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी मिळते, शाळेतल्या किशोरवयीन मुलींना तेवढ्याच लोहाची निळी गोळी आठवड्याला एक. ही गोळीही चहा-दुधासोबत वाया जाते. गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्याही दिलेल्या असतात आणि विसरायला नको म्हणून ती सगळ्या रात्री दुधाबरोबर एकदम घेते. मग लोहाचा उपयोग होत नाही आणि तपासणीत ती गोळ्या घेत नाही असा शेरा बसतो. लोह दुपारी जेवणानंतर लिंबू-पाण्याबरोबर, कॅल्शियम सकाळी आणि रात्री, मध्ये निदान दोन तास. शौच काळं होतं, ते अपेक्षित आहे. रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये. हिमोग्लोबिन बारावर आल्यावरही साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. मुलांना जंतांची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळेत-अंगणवाडीत मिळते ती चुकवू नये. हुकवर्म आतड्यातून रक्तच पितो, वरून कितीही खाल्लं तरी ते गळत राहतं.

आणि प्रत्येक फिकेपणा लोहाचा नसतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते, तिला बाजरी किंवा पेरू काही करू शकत नाहीत. ठाणे जिल्ह्यात तर आणखी एक कारण आहे. उल्हासनगरची मोठी सिंधी वस्ती, ठाणे-मुलुंड पट्ट्यातला कच्छी-लोहाणा समाज यांच्यात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक जास्त आढळतात. वाहकाचं हिमोग्लोबिन थोडं कमी आणि रक्तपेशी लहान असतात, अगदी लोह कमी असल्यासारख्या, पण साठा भरलेला असू शकतो. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचाही विचार करावा लागतो. म्हणून दोन-तीन महिने गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर गोळ्या वाढवत बसू नये. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासावं, ते १५ च्या खाली असेल तर लोहच कमी आहे, मात्र ताप किंवा सूज असताना ते खोटं वाढलेलं दिसतं. फेरिटिन ठीक आणि पेशी लहान असतील तर थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी एचबीए-२ ची तपासणी, आणि लग्नाच्या किंवा गरोदरपणाच्या आधी जोडीदाराचीही.

शाळा, रुग्णालयं आणि उपाहारगृहांच्या जेवणाची कंत्राटं दोन्ही महापालिका ठरावीक काळाने नव्याने काढतातच. पुढच्या निविदेत तीन ओळी वाढवाव्यात. आठवड्यातून तीन दिवस मोडाचं कडधान्य, माणशी निदान ३० ग्रॅम कोरडं. रोज माणशी अर्धा पेरू किंवा एक आवळा, अख्खा पोचवून जागेवर कापलेला. जेवणाच्या वेळेआधी आणि नंतर तासभर चहा नाही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने खिचडीची चव पाहताना या तीन ओळींसमोर खूण करावी आणि तो कागद शाळेच्या, वॉर्डाच्या, कँटीनच्या भिंतीवर लावावा, म्हणजे जेवणाऱ्यांनाही तो वाचता येईल.